जानेवारीतला उत्साह माघातल्या जत्रेपलीकडे कसा न्यावा

डिचोलीत राहणाऱ्या आणि पणजीत नोकरी करणाऱ्या एका ४२ वर्षांच्या भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दरवर्षी १ जानेवारीला त्या मोठ्या निश्चयाने सुरुवात करतात आणि तीन-चार आठवडे सारे सुरळीत चालते. पुढे माघात कुलदेवीच्या जत्रेसाठी चार दिवस कवळ्याला जाणे होते, तिथून परतल्यावर घडी काही बसत नाही, आणि शिगम्याचे ढोल वाजू लागेपर्यंत संकल्पाची आठवणही नकोशी होते. यंदा त्यांनी चार गोष्टी ठरवल्या आहेत: पहाटे पाचला उठणे, पाच किलोमीटर चालणे, अर्धा तास वाचन करणे आणि रात्री नऊनंतर मोबाइलला हात न लावणे. वडिलांना मधुमेह होता आणि स्वतःची साखरही ‘काठावर’ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून चालण्याची काळजी त्यांना अधिक आहे. शेवटी त्या विचारतात, ‘माझ्यात चिकाटीच नाही, असे समजायचे का?’

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. चिकाटी तुमच्यात भरपूर आहे. गेली कित्येक वर्षे तुम्ही सकाळची ठरलेली बस चुकवत नाही, आणि ती पकडण्याआधी घरच्यांचा नाश्ता होतो, डबे भरले जातात, देवाला फूल आणि तुळशीला पाणी पडते. यातल्या एकाही कामासाठी तुम्ही कधी १ जानेवारीला संकल्प सोडला नव्हता. तेव्हा प्रश्न तुमच्या स्वभावाचा नसून नव्या गोष्टीला दिवसात जागा कशी करून द्यायची, याचा आहे, आणि ही गोष्ट शिकता येते.

माझा सल्ला असा. चारपैकी चालणे ही एकच गोष्ट आता सुरू करा. ती पहाटेऐवजी संध्याकाळी, बसमधून उतरल्यावर करा. पहिले काही आठवडे अंतर मुद्दाम कमी ठेवा. आणि जत्रेहून परतल्यावर पहिल्या संध्याकाळी काय करायचे, ते आजच कागदावर लिहून ठेवा. यातला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोंड्यात माझ्याकडे डॉक्टरांनी पाठवलेली मधुमेहाची, रक्तदाबाची, झोपेच्या तक्रारींची माणसे समुपदेशनासाठी येतात, आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. सवय किती दिवस सलग चालली यावरून तिच्याबद्दल फारसे कळत नाही. खंड पडल्यावर माणूस किती दिवसांनी तिच्याकडे परत वळला, यावरून बरेच काही कळते.

वर्षारंभाचा उत्साह मात्र खोटा नसतो, त्याला कमी लेखू नये. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या प्रारंभी लोक आहारविषयक माहिती अधिक शोधतात आणि व्यायामशाळेतली हजेरीही वाढते. काळाची अशी एखादी रेघ ओलांडली की मागच्या चुका मागच्या खात्यावर जमा झाल्या असे वाटते आणि माणूस मोकळ्या मनाने कामाला लागतो. पुढे काय होते, हे जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसते. नववर्षाचा संकल्प केलेल्या २०० लोकांपैकी ७७ टक्के लोक पहिला आठवडा टिकले होते आणि दोन वर्षांनंतर १९ टक्के उरले होते. हे आकडे अनेकदा निराशेने सांगितले जातात. त्याच पाहणीतली दुसरी नोंद मला जास्त मोलाची वाटते: जे यशस्वी ठरले, त्यांच्यातल्या ५३ टक्के लोकांच्या संकल्पात निदान एकदा तरी खंड पडला होता, आणि दोन वर्षांत अशा खंडांची सरासरी १४ भरली होती. म्हणजे टिकलेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक जण मध्ये केव्हातरी थांबले होते आणि पुन्हा सुरू झाले होते.

मग जानेवारीतला हा जोर खर्चायचा कशावर? माझ्या मते तो एकदाच करायच्या कामांवर खर्चावा. पायाला नीट बसणारे बूट आणणे, रक्ततपासणी करून घेणे, घरच्यांशी बोलणे, चालण्याची वाट ठरवणे, मोबाइलचा चार्जर झोपण्याच्या खोलीतून बाहेर हलवणे, ही सारी कामे उत्साहाच्या भरात दोन-तीन दिवसांत उरकता येतात आणि त्यांचा उपयोग वर्षभर होत राहतो. रोज करायची गोष्ट मात्र इतकी लहान असावी, की उत्साह नसलेल्या दिवशीही ती होऊन जावी, कारण वर्षातले बहुतेक दिवस तसेच असतात.

आता तुमच्या चार संकल्पांकडे पाहू. कागदावर ते चार दिसतात, पण चालणे आणि बहुधा वाचनही पहाटे पाचच्या उठण्यावर अवलंबून आहे, आणि पाचला उठणे रात्री लवकर झोपण्यावर, म्हणजे मोबाइलवर अवलंबून आहे. एका रात्री पाहुणे आले आणि झोपायला उशीर झाला, की दुसऱ्या दिवशी चारही गोष्टी एकदम कोसळतात आणि मनाला वाटते, आपण चार आघाड्यांवर हरलो. शिवाय जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पाचला उठून चालायला निघायचे म्हणजे काळोखात, थंडीत, मोकाट कुत्र्यांच्या रस्त्यावर निघायचे. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. तुमच्या घरात रात्रीची आवराआवर दहाच्या आत होत नसेल, तर पाचचा गजर ही झोपेतून केलेली उसनवारी ठरेल. म्हणून पहाटे उठण्याचा संकल्प यंदा सोडून द्या. त्याने तुमचे काहीही बिघडत नाही.

उरलेल्या तीन गोष्टींत चालणे आधी, कारण त्यामागे वैद्यकीय कारण आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आहे, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. दुसऱ्या बाजूने, साखर काठावर असलेल्या भारतीयांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ आहार आणि नियमित चालण्यामुळे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. तुमच्या वडिलांचा आजार तुमच्या वाट्याला यायलाच हवा, असे नाही.

सवय म्हणजे नेमके काय, हे कळले की ती लावण्याची रीत आपोआप कळते. वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दिवसभर ठरावीक वेळाने स्वतःच्या हालचालींची नोंद करायला सांगितले. त्या नोंदींपैकी सुमारे ४३ टक्के कामे जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी, बहुतेकदा मनात दुसराच विचार चालू असताना केली जात होती. ठिकाण, वेळ आणि आधीचे काम यांच्यामुळे पुढचे काम हातून होऊन जाते. तुळशीला पाणी घालताना ‘आज घालावे की नाही’ असा विचार तुम्ही करत नाही; आंघोळ झाली, तांब्या भरला, पाय अंगणाकडे वळले. नव्या गोष्टीला अशीच एक खुंटी हवी, आणि ती भिंतीत आधीपासून घट्ट बसलेली असावी. ‘सकाळी वेळ मिळेल तेव्हा’ ही खुंटी नव्हे.

तुमच्या पत्रात अशी खुंटी आयती सापडते. संध्याकाळी तुम्ही डिचोलीच्या बसस्थानकावर उतरता, घर तिथून दीड किलोमीटरवर आहे आणि यजमान स्कूटर घेऊन न्यायला येतात, असे तुम्ही लिहिले आहे. रोज घडणारी, घड्याळाकडे न पाहता घडणारी, सुटीच्या दिवसांखेरीज न चुकणारी घटना म्हणजे बसमधून उतरणे. तिथून घरापर्यंत चालत या. साधारण वीस मिनिटे लागतील. यजमान हवे तर स्कूटर घेऊन येऊ देत, पण ती तुमची पिशवी आणि वाटेत घेतलेली भाजी नेण्यासाठी. त्याहून चांगले म्हणजे तेही पायीच येऊ देत. पाच किलोमीटरच्या मानाने हे अंतर तुम्हाला फारच किरकोळ वाटेल, आणि म्हणूनच ते सुरुवातीला योग्य आहे. आठवड्यातले पाच दिवस वीस-वीस मिनिटे म्हणजे १०० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सुचवते, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतका दम लागणारा. तिथवर पोहोचायला या वाटेत फक्त दहा मिनिटांचा वळसा घालावा लागेल. तो वळसा आता नको, संवसर पाडव्याला, म्हणजे गुढीपाडव्याला घाला. गोव्यातल्या मराठी माणसाला वर्षारंभ दोनदा मिळतो, त्याचा लाभ घ्यावा. तोवर घरी चालत येण्याची गोष्ट अंगवळणी पडू लागलेली असेल आणि दहा मिनिटांची भर तिच्यावर सहज बसेल.

हे ठरवले की एका वाक्यात लिहा: ‘संध्याकाळी डिचोलीला बसमधून उतरले, की मी चालत घरी जाईन.’ वाक्य लिहिण्याचा हा आग्रह काही जणांना बालिश वाटतो, म्हणून त्यामागचे कारण सांगते. २००२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात तीन गट होते. पहिल्या गटाला काहीच विशेष सांगितले नव्हते. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे आणि हृदयविकाराचा धोका पटवून देणारे साहित्य वाचायला दिले. तिसऱ्याला तेच साहित्य दिले, आणि शिवाय येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार, हे लिहून घेतले. पहिल्या गटातल्या ३८ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला. ज्यांनी लिहिले होते, त्या तिसऱ्या गटातल्या ९१ टक्के विद्यार्थ्यांनी तो केला. व्यायामाचे महत्त्व पटवून घेण्याने काहीच वाढ झाली नाही; जागा आणि वेळ ठरवल्याने झाली. हा प्रयोग थोड्या दिवसांचा होता, आणि एका वाक्याने वर्षभराची सवय लागते असा त्याचा अर्थ काढणे बरोबर होणार नाही. पण सुरुवात कशाने होते, हे त्याने स्वच्छ दाखवले. तुम्ही व्यायामाचे फायदे सांगणारे व्हिडिओ रात्री पाहता, असे लिहिले आहे. ते आता पुरेसे झाले आहेत.

सवय लागायला किती दिवस लागतात, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि बहुतेकांच्या मनात २१ हा आकडा असतो. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. चालण्या-वाचण्याशी त्याचा काही संबंध नव्हता आणि ‘किमान’ हा शब्दही पुढे गळून पडला. या विषयावरचा अधिक भरवशाचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी गोष्ट निवडली, कुणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणे, कुणी नाश्त्यानंतर चालणे, आणि ८४ दिवस रोज नोंदी ठेवल्या. गोष्ट आपोआप होऊ लागायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस इतका वेगळा निघाला. मधला आकडा ६६ होता. २५४ हा आकडा अर्थातच ८४ दिवसांच्या नोंदींवरून गणिताने पुढे नेऊन काढलेला आहे. पाणी पिण्यासारख्या साध्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाच्या सवयींना जास्त काळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

याचा तुमच्यापुरता अर्थ असा, की तुम्ही दरवर्षी जिथे थांबता, तो जानेवारीचा शेवट म्हणजे सवय लागण्याच्या वाटेवरचा अर्धा टप्पासुद्धा नसतो. तेव्हा गोष्ट अजून ओढूनताणून होत असते, आणि तशी ती होणे स्वाभाविकच आहे. ‘महिना झाला तरी मला मनापासून वाटत नाही’ हे कारण पुरेसे नाही. महिन्याभरात तसे वाटू लागेल, असे कुणी सांगितलेच नव्हते.

इथे आपल्या गावांतली एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. जत्रेला आणि उत्सवाला गावकरी जे नाटक करतात, त्याच्या तालमी आठवडेच्या आठवडे चालतात. दिवसभर नोकरी किंवा दुकान सांभाळून माणसे रात्री देवळाच्या सभामंडपात जमतात आणि मध्यरात्रीपर्यंत पाठांतर करतात. माझ्याकडे येणाऱ्यांमध्येही अशी माणसे आहेत, ज्यांना दहा मिनिटे चालायला वेळ मिळत नाही, पण तालीम एका दिवसानेही चुकत नाही. त्यांना मी नेहमी विचारते, की तालमीला जायला काय भाग पाडते? उत्तरे ठरलेली असतात. वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, आपण गेलो नाही तर समोरच्याचे संवाद अडतात, आणि प्रयोगाची तारीख पंचांगाने ठरवून टाकलेली असते. पहिल्या तीन गोष्टी चालण्याला जशाच्या तशा लावता येतात, आणि त्या अवश्य लावाव्यात. यजमानांना बरोबर घ्या, असे मी म्हटले, ते त्यासाठीच. चौथी गोष्ट मात्र सवयीच्या उलट दिशेने काम करते. प्रयोग झाला की तालीम संपते. ‘शिगम्यापर्यंत पाच किलो कमी करीन’ असा संकल्प हा तालमीसारखा असतो, शिगमो झाला की त्याचे प्रयोजन संपते, मग वजन कमी होवो वा न होवो. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, जत्रेपूर्वी किती कडक व्रत पाळतात, हे डिचोलीत राहून तुम्ही जवळून पाहिलेच असेल. त्या निष्ठेबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण व्रताला सांगता असते आणि ती असायलाच हवी. सवयीला सांगता नको. म्हणून तिला तारखेचे ध्येय देऊ नये.

आता खंडाविषयी. गोव्यातल्या घराचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. माघात कवळ्याची, मंगेशीची जत्रा, फाल्गुनात शिगमो, वैशाखात लग्ने आणि लईराईची जत्रा, मे महिन्यात मुंबईहून येणारे नातेवाईक, जूनमध्ये पाऊस, भाद्रपदात चवथ, मग दसरा, दिवाळी, आणि डिसेंबरच्या अखेरीस रस्त्यांवर पर्यटकांची ती गर्दी, की बस घरी कधी पोहोचवील याचा नेम नसतो. यातले काहीही अचानक येत नाही. वर्षाच्या पहिल्याच दिवशी कालनिर्णयाची पाने उलटून हे सारे खंड आधीच खुणावून ठेवता येतात. तरी आपण संकल्प असा करतो, जणू वर्षात ३६५ दिवस सारखेच असणार आहेत.

खंड पडला, यापेक्षा खंडाचा आपण काय अर्थ लावतो, हे अधिक नुकसान करते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी हे १९८० च्या दशकात नीट मांडले होते. पथ्य एकदा मोडले की माणसाला अपराधी वाटते, ‘आपण असेच आहोत’ असा निष्कर्ष तो काढतो, आणि त्या निष्कर्षामुळे पुढचे पथ्य मोडणे त्याला सोपे जाते. तुमच्या पत्रातले ‘चार दिवस गेले म्हणजे महिनाभराची मेहनत वाया गेली असे वाटते’ हे वाक्य म्हणजे नेमके तेच. मेहनत वाया गेलेली नसते. लॅलींच्या अभ्यासात एखाद-दुसरा दिवस चुकल्याने काही बिघडले नव्हते. चार दिवसांच्या खंडाने घडी थोडी विस्कटेल, पण बसमधून उतरण्याची वेळ आणि घरी जाण्याची वाट तिथेच असते. परतण्याची रीत तेवढी आधी ठरलेली हवी.

ही रीत कशी दिसते, ते सांगते. साखळीच्या बाजूला राहणारे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे येत असत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते. त्यांचे चालणे दरवर्षी चवथीला थांबे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सुरू होत नसे. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कॅलेंडरवर ते चाललेल्या दिवशी पेन्सिलीने बारीक टिंब करत. आम्ही दोघांनी मागच्या महिन्यांची पाने उलटून पाहिली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली: लहान खंडांनंतर ते लगेच चालायला निघत, पण खंड आठवड्याच्या पुढे गेला की ‘आता सोमवारपासून’, ‘आता पहिल्या तारखेपासून’ असे सुरू होई. त्या वर्षी चवथीच्या आधी त्यांनी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने दोन शब्द लिहिले, ‘चहानंतर देवळापर्यंत’. देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीचे, सामान उतरवून झाले, अंग दुखत होते, पाहुणे अजून घरात होते, तरी ते देवळापर्यंत जाऊन आले, कारण तेवढ्यासाठी कुणाची परवानगी, बूट किंवा मनाची तयारी लागत नव्हती. त्या चौकोनात टिंब पडले. पुढचे चार-पाच दिवसही तेवढेच चालले, आणि मग त्यांची नेहमीची वाट आपसूक सुरू झाली.

तुम्हीही असेच करा. माघ शुद्ध पंचमीची तारीख पाहून, कवळ्याहून परतण्याचा दिवस ठरवून त्या चौकोनात आजच लिहा: ‘घरी पोहोचल्यावर पिशव्या ठेवून पाणी प्यायले, की वाड्याच्या तोंडापर्यंत चालून येईन.’ यात तीन पथ्ये पाळा. परतीची पहिली फेरी परतल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी व्हावी. ती नेहमीच्या चालण्याच्या चौथाईहून जास्त नसावी. आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून अंतर वाढवू नये. भरपाईने पाय दुखतात आणि दुसऱ्या दिवशी न जाण्याला सबळ कारण मिळते. वर्षअखेरीस टिंबांची एकूण संख्या मोजण्यापेक्षा प्रत्येक रिकाम्या पट्ट्याची लांबी पाहा. ती वर्षभरात कमी-कमी होत गेली असेल, तर सवय लागली आहे असे मी खात्रीने म्हणेन.

पावसाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तो चार दिवसांचा खंड नसतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या काळात खुंटीच बदलते: बस उशिरा येते, रस्त्याच्या कडेला पाणी साचते, छत्री आणि पिशवी सांभाळत चालणे नकोसे होते. जागा बदलली की जुनी सवय साथ सोडते, म्हणून पावसाळ्यासाठी दुसरी जागा मृगाच्या आधीच ठरवायला हवी. कचेरीत जेवण झाल्यावर व्हरांड्यात दहा मिनिटे चालणे आणि घरी आल्यावर कपडे बदलण्याआधी खुर्चीत न टेकता दहा मिनिटे घरातल्या घरात फिरणे किंवा जिना चढणे-उतरणे, असे दोन तुकडे केले तरी वीस मिनिटे होतात. हे मे महिन्यातच आठवड्यातून एखाद-दोनदा करून पाहा, म्हणजे पाऊस सुरू होईल त्या दिवशी ती गोष्ट अनोळखी वाटणार नाही. पाऊस उघडलेल्या संध्याकाळी मात्र जुन्या वाटेने चालतच यावे.

वाचन आणि मोबाइल या दोन संकल्पांची मी एकच गोष्ट करीन, आणि तीही पाडव्यानंतर. स्वीडनमध्ये एक हजाराहून अधिक लोकांच्या नववर्ष-संकल्पांचा वर्षभर मागोवा घेऊन २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘अमुक करीन’ असे संकल्प ५८.९ टक्के लोकांना साधले, तर ‘अमुक करणार नाही’ असे संकल्प ४७.१ टक्के लोकांना. न करण्याच्या गोष्टीला हातात काहीच नसते. नऊ वाजले की मोबाइल नाही, मग काय, याचे उत्तर नसेल तर हात पुन्हा मोबाइलकडेच जातो. म्हणून चार्जर सोप्यावर, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर ठेवा, उशाशी एक पुस्तक ठेवा, आणि वाक्य असे लिहा: ‘रात्री ओटा पुसून झाला, की मी मोबाइल सोप्यावर चार्जिंगला लावून आत जाईन आणि दोन पाने वाचीन.’ अर्ध्या तासाचे बंधन नको. दोन पानांनंतर झोप आली तर झोपावे. पुस्तक स्वतःला आवडणारे असावे. ज्ञान वाढवणारे पुस्तक उशाशी ठेवण्याचा मोह सुरुवातीचे काही महिने टाळावा.

घरच्यांशी एकदा नीट बोला. आपल्याकडे बाई संध्याकाळी वीस मिनिटे उशिरा घरी आली, तर चहापासून दिवाबत्तीपर्यंत सगळे तिच्यासाठी थांबलेले असते, आणि तिची सवय मोडण्याचे कारण अनेकदा तिच्या मनात नसून या थांबण्यात असते. तुम्ही पोहोचायच्या आत चहा कोण ठेवील, दिवा कोण लावील, हे नावानिशी ठरवून घ्या. साखर काठावर असल्याचे सांगा, वडिलांचा आजार सर्वांना ठाऊक आहे. एवढी सवलत मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही, ती तुमच्या हक्काची आहे.

चालणे सुरू करण्यापूर्वी एचबीए१सी ही तपासणी करून घ्या आणि तीन महिन्यांनी, म्हणजे पाडव्याच्या सुमारास किंवा त्यानंतर, पुन्हा करा. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज तिच्यावरून येतो. आकडा लगेच उतरला नाही तरी चालणे निष्फळ ठरवू नका, कारण त्यात आहाराचा, झोपेचा आणि वजनाचाही वाटा असतो. चालताना छातीत दाटल्यासारखे झाले, दम बेताबाहेर लागला किंवा तळपायांना बधिरपणा जाणवला, तर चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि सलग दोन-तीन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप मध्यरात्री मोडून पुन्हा येत नसेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर तो सवयीचा प्रश्न नव्हे. त्या वेळी कॅलेंडर बाजूला ठेवून आधी तुमच्या डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा; चालण्याचे वेळापत्रक त्यांच्याशी बोलून मग नव्याने आखता येईल.